दोन माथे झाले, तिसऱ्याच्या खिंडीतून परत फिरलो: निर्णय बरोबर होता का?

सिल्लोडचा_पायी

नमस्कार मंडळी. नवरात्रातल्या रविवारी आम्ही सात मित्र अजिंठ्याच्या डोंगररांगेत एका दिवसाच्या पायपिटीला गेलो होतो. हळदा घाटातून वेताळवाडीचा किल्ला चढायचा, तो पाहून खाली उतरायचे, मग समोरच्या धारेवरचे दोन खडकाळ माथे करायचे आणि पाचच्या आत गाडीपाशी पोहोचायचे, असा बेत होता. त्या दोन माथ्यांची नावे नकाशात सापडत नाहीत, आणि वर माणसाने बांधलेले काहीही नाही. आम्हाला त्यांचे आकर्षण होते ते त्यामुळेच.

साडेसहाला चढाई सुरू करायची होती, पण वाटेत एका गाडीचे चाक पंक्चर झाले आणि स्टेपनीतही हवा नव्हती. त्यामुळे पहिले पाऊल टाकेपर्यंत सव्वाआठ झाले. किल्ल्यानेही अंदाजापेक्षा जास्त वेळ घेतला. जंजाळा दरवाजाचे बुरूज आणि त्यावरचे शरभ (दगडात कोरलेले सिंहासारखे काल्पनिक प्राणी) पाहून झाल्यावर तटावरून चालत उत्तर टोकाच्या बारादरीपर्यंत गेलो. तिच्या कमानीतून खाली वेताळवाडीचे पाणी आणि त्यापलीकडे पसरलेला खानदेश दिसू लागला, तेव्हा तेथून कोणीच उठेना. अकराला किल्ला सोडला.

किल्ला हा पहिला माथा धरला, तर दुसऱ्या माथ्यावर जायला मळलेली वाट नव्हती. गुडघ्याएवढे गवत, मध्ये एक ढोरवाट आणि शेवटी दोन पुरुष उंचीचा कातळटप्पा. तो हात लावूनच चढावा लागला. कातळ इतका तापला होता की बोटे टेकवून लगेच उचलावी लागत होती. वर पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी सगळ्यांच्या बाटल्या एका ठिकाणी मांडायला लावल्या. माणशी दोन लिटर घेऊन निघालो होतो, आता सात जणांत मिळून साडेतीन लिटर पाणी उरले होते. आमच्यातला एक मित्र एरवी सगळ्यांत जास्त बोलतो. तो अर्धा तास अवाक्षर बोलला नव्हता आणि बसल्या बसल्या पोटरी चोळत होता.

तिसरा माथा समोर होता. मधल्या खिंडीत उतरून वर चढायला दीड तास लागेल, असा अंदाज होता. आम्ही खिंडीपर्यंत उतरलो, तेथे मी थांबलो आणि परत फिरायचे ठरवले. दोघांना ते अजिबात पटले नाही. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही गाडीपाशी आलो, तेव्हा एकाच बाटलीत तळाला थोडे पाणी होते. ते दोघे घरी येईपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि ते जिवाभावाचे मित्र असल्यामुळे मला त्याचे फार वाईट वाटते आहे.

मी घाबरून चुकीचा निर्णय घेतला का? आपण परत फिरायचे कधी आणि कशावरून ठरवता?

बालाघाटचा_वाटसरू

दादा, निर्णय शंभर टक्के बरोबर होता. डोंगर कुठे पळून जात नाही.

खडकीकर

डोंगर पळून जात नाही हे खरे, पण सात संसारी माणसांना एकाच रविवारी सुटी मिळणे ही वर्षातून एकदा घडणारी गोष्ट असते, आणि नाराज झालेल्या दोघांची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. माझ्या मते चूक खिंडीत झालीच नाही. ती सव्वाआठ वाजता झाली. पावणेदोन तास हातातून गेले होते, तरी बेत मात्र तिन्ही माथ्यांचाच राहिला. त्याच वेळी सर्वांसमोर ‘आज किल्ला आणि एकच माथा’ असे ठरले असते, तर दुसऱ्या माथ्यावर पोहोचणे हेच यश वाटले असते आणि खिंडीत कोणाचे मन मोडले नसते.

दुसरे असे की, चौघे तिसऱ्या माथ्यावर जाऊन आले असते आणि तिघे खिंडीत सावलीला थांबले असते, तर काय बिघडले असते? एकासाठी सहा जणांनी फिरणे हा नियम म्हणून मला मान्य नाही.

गौताळ्याचा_अंजन

खडकीकर, आपला पहिला मुद्दा मान्य आहे. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण बनोटीजवळच्या नायगावातून सुतोंड्यावर गेलो होतो. ज्यांनी तो किल्ला पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की कातळ कोरून काढलेल्या दरवाजातून आत गेल्यावर वर जागोजागी खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि एक टाके दुसऱ्यासारखेच दिसते. दुपारी पाच जण डोंगराची पलीकडची सोंड पाहायला गेले. आम्ही चौघे ‘टाक्यापाशी’ थांबणार होतो. कोणते टाके, हे कोणी विचारले नाही. ऊन आले म्हणून आम्ही सावलीच्या टाक्याकडे सरकलो. ते पाच जण परत आले, आम्ही दिसलो नाही, म्हणून आम्ही उतरलो असे समजून ते खाली गेले. आम्ही मात्र ते येतील म्हणून वर बसून राहिलो. मोबाइलला रेंज नव्हती. अंधार पडल्यावर नायगावातले दोघे जण बॅटऱ्या घेऊन वर आले आणि त्यांनी हाका मारल्या, तेव्हा कुठे भेट झाली. एका मित्राची आई रात्रभर देवापुढे बसून होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

माणसे वेगळी करू नयेत असे मी म्हणत नाही. करायचीच असतील, तर थांबणाऱ्यांनी एका खुणेच्या जागेवरून हलायचे नाही, परतीची वेळ घड्याळात ठरवायची, आणि दोन्ही बाजूंना वाट माहीत असलेला किमान एक माणूस हवा. पायी दादांकडे दुपारी हे तिन्ही होते का?

सिल्लोडचा_पायी

नाही. वाट माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो, आणि मलाही ती फक्त किल्ल्यापर्यंतच माहीत होती.

काळा_पाषाण

या चर्चेत खडकाबद्दल थोडे बोलावेसे वाटते, कारण ‘दीड तास’ हा अंदाज खडकामुळेच चुकतो. आपली ही सगळी रांग बेसाल्टची आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि थंड होऊन त्यांचे थर झाले. टणक थराचा कडा उभा राहतो, त्याखालचा भुसभुशीत थर झिजून उतार होतो, आणि पुन्हा खाली कडा येतो. अशा खडकाला ट्रॅप म्हणतात, आणि तो शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लांबून जो उतार सलग वाटतो, त्यात मध्ये एक-दोन कडे लपलेले असतात आणि ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून समोरचा माथा डोळ्यांना नेहमीच जवळ वाटतो.

चढताना त्रास कड्याचा होतो, पण उतरताना खरा धोका असतो तो मधल्या उताराचा. तेथे खडकाचा मुरूम होऊन कातळावर पातळ पसरलेला असतो. खळ्यावर सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांवरून चालावे, तसा पाय सटकतो. नवरात्राच्या सुमारास वर गवत उभे असल्यामुळे खालचा घसारा दिसतही नाही. थकलेला माणूस टाच आधी टेकवतो आणि घसरतो. गुडघे किंचित वाकवून, तळवा पूर्ण टेकवून, दोघांत अंतर ठेवून उतरावे लागते, आणि त्यासाठी पायांत बळ शिल्लक असावे लागते. पोटरीत गोळा आलेला माणूस असा उतरूच शकत नाही. आपण तिसरा माथा चढला असतात, यात मला शंका नाही. मला काळजी वाटते ती त्या मित्राच्या उतरणीची.

नायगावची_लेक

आणि दोन लिटर पाणी हे सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीचे माप आहे. आमच्याकडे उघड्या डोंगरावर ऑक्टोबरात माणशी चार लिटर तरी हवे.

डॉक्टर_परळी

मी डॉक्टर आहे आणि स्वतः डोंगर चालते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

बडबड्या माणसाचे गप्प होणे हे मला त्या साडेतीन लिटरपेक्षा महत्त्वाचे वाटते. उन्हात शरीरातले पाणी आणि क्षार घामावाटे गेले की आधी चिडचिड किंवा गप्पपणा येतो, मग डोके दुखते, मळमळते, पायांत गोळे येतात. या पायरीवर सावली, विश्रांती, पाणी आणि क्षार मिळाले तर माणूस बहुतेक वेळा सावरतो. पुढची पायरी म्हणजे बोलण्यात असंबद्धता आणि तापलेले अंग, आणि ती उष्माघाताची असते. तेथे मिनिटे मोजावी लागतात, आणि गाडी तीन तासांच्या वाटेवर असेल तर ती मिनिटे कोठून आणणार?

जीवनरक्षक भुकटीचे (ओआरएस) पाकीट सोबत असावेच. नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचे प्रमाण पाठ करून ठेवावे. नुसतेच पाणी पीत राहिल्याने क्षारांची भरपाई होत नाही. आणि लाजू नका: लघवी कधी झाली, रंग गडद आहे का, हे प्रत्येक माथ्यावर एकमेकांना विचारा. संकोच वाटतो, हे मी समजू शकते, पण डोंगरावर याहून साधी तपासणी दुसरी नाही.

पायी दादा, आपल्या मित्राने सकाळपासून काय खाल्ले होते?

सिल्लोडचा_पायी

सिल्लोडला आम्ही सगळ्यांनी पोहे आणि चहा घेतला. त्याने फक्त चहा घेतला, ‘घरी खाऊन आलो’ असे म्हणाला. मी खोलात गेलो नाही.

माहूरची_वाट

थोडे विषयांतर होईल, पण मुद्द्याशी जोडलेलेच आहे. आमच्या माहूरला एका दिवसात रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता असे तीन डोंगर करण्याची चाल आहे. मी माझ्या सासूबाईंना घेऊन ते केले आहे, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. तेथे परत फिरण्याचा प्रश्न कधीच पडत नाही, कारण बसायला ओटा आहे, चहा मिळतो, पायऱ्या आहेत, आणि थकलेल्या माणसाला कोणीही अनोळखी माणूस हात देतो. त्या सवयीवर मी पुढे एका आडवाटेच्या डोंगरावर गेले आणि ‘तीनच तर डोंगर’ असे म्हणत फार मोठी चूक करून बसले. देवाच्या डोंगरावर वाट आपल्याला सांभाळते. आडरानात सगळा सांभाळ आपल्याला सोबत न्यावा लागतो.

पाषाण दादांनी खडकाचे सांगितले, त्यात माझी एक भर. नांदेड जिल्ह्यातच देगलूर-बिलोलीकडे गेले की बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो. त्या गोल धोंड्यांच्या खरखरीत अंगावर बूट छान धरतो. तेथे चालणारी माणसे मुरमाच्या उतारावर पहिल्यांदा येतात, तेव्हा त्यांचा अंदाज हमखास फसतो. खडक बदलला की पायही नव्याने शिकवावा लागतो.

अंबडचा_मास्तर

कोणी आग्या मोहोळाचा उल्लेख केला नाही, म्हणून करतो. या रांगेत कड्यांच्या पोटाला, लेण्यांच्या कपाळाला आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर मोहोळे असतात. आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर आणि वर भिरकावलेला दगड या चार गोष्टी टाळल्या की बहुतेक निभावते. मी मुलांना नेतो तेव्हा कड्याखाली पोहोचण्याआधी सर्वांना गप्प करून दोन मिनिटे नुसते वर बघायला लावतो. माशा उठल्याच तर हातवारे करायचे नाहीत, तोंड-डोके कापडाने झाकून लांब पळायचे, आणि नंतर काटा नखाने खरवडून लगेच काढायचा. पायी दादा, जो कातळटप्पा आपण हात लावून चढलात, त्याच्यावर आपण आधी नजर टाकली होती का?

सिल्लोडचा_पायी

मास्तर, खरे सांगतो, नाही टाकली. वाचताना अंगावर काटा आला. त्या टप्प्यावर माशा उठल्या असत्या तर पळायला जागाच नव्हती.

खडकीकर

गौताळ्याचा अंजन आणि पाषाण यांचे वाचून मी माझा दुसरा मुद्दा मागे घेतो. वाट माहीत असलेला एकच माणूस असताना गट फोडता येत नाही, हे उघड आहे. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे आणि ती सर्वांना ठाऊक असावी. मी स्वतः असे करतो: ऑक्टोबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याच्या दोन तास आधी गाडीपाशी यायचे, आणि त्यातून परतीच्या वाटेचा वेळ दीडपट करून वजा करायचा. जो आकडा येईल, त्या क्षणी आपण कोठेही असलो तरी फिरायचे. अशा वेळी ‘तू अडवलेस’ असे कोणी कोणाला म्हणत नाही, कारण अडवणारे घड्याळ असते.

बालाघाटचा_वाटसरू

खडकीकर, हिशेब सोपा आहे, आवडला. फक्त घड्याळाबरोबर पाण्याचीही रेघ हवी. निम्मे पाणी संपले की वेळ कितीही झालेली असो, तोंड गाडीकडे.

सोयगावकर_३३

मी पायी दादांसोबत होतो. जो गप्प झाला होता, तो मीच. दोन दिवस हा धागा वाचतो आहे आणि लिहू की नको असे होत होते.

माझे नऊ दिवसांचे उपवास होते. घरातून निघताना आईने भगर आणि दाण्याची आमटी डब्यात दिली होती, पण तो डबा मी गाडीतच विसरलो. सिल्लोडला सगळे पोहे खात होते तेव्हा मी सांगितले असते तर त्यांनी नक्कीच बेत बदलला असता, आणि मला तेच नको होते. सहा महिन्यांपासून ठरत असलेला बेत माझ्या उपवासामुळे बदलावा, हे मनाला पटेना. किल्ल्यावर ठीक होतो. त्या कातळटप्प्यावर हात लावला तेव्हा डोळ्यांपुढे काळोखी आली आणि खालून ज्याने माझा पाय खोबणीत बसवून दिला, तो त्या दोन नाराज मित्रांपैकी एक होता. त्यालाही मी काही बोललो नाही. दुसऱ्या माथ्यावर एकाने क्षार घातलेले पाणी पुढे केले, ते उपवासाला चालते की नाही या विचारात मी नको म्हणालो.

खिंडीत दादा म्हणाले, ‘आता फिरू’, तेव्हा मला रडू येण्याच्या बेतात होते. त्यांनी माझे नाव घेतले नाही, पाणी कमी आहे एवढेच सांगितले. म्हणून बाकीच्यांना कारण पुरेसे वाटले नसावे. काल मी त्या दोघांच्या घरी जाऊन सगळे सांगून आलो. एकाने मला आधी रागावले, मग त्याच्या आईने ताटात वाढले.

डॉक्टर_परळी

सोयगावकर भाऊ, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. साखर, मीठ, लिंबू आणि पाणी, यांतले काही आपल्या घरी उपवासाला चालत नसेल तर सैंधव घाला, ताकात घाला, पण घ्या. आणि उपवास असताना चालायचेच असेल तर निघण्याआधी एका तरी मित्राच्या कानावर घालून ठेवा. आमच्या गटात आता निघताना तीन प्रश्न सर्वांनाच विचारले जातात: काय खाल्ले, कोणते औषध चालू आहे, आणि आज उपवास आहे का. सर्वांना विचारले की एकट्याला वेगळे पडल्यासारखे वाटत नाही.

नायगावची_लेक

सोयगावकर दादा, माझा भाऊ नवरात्रात अनवाणीही राहतो आणि तसाच डोंगरावर जायचे म्हणतो. हा धागा मी त्याला आज रात्री वाचायला लावणार आहे.

गौताळ्याचा_अंजन

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पायी दादा, आपला निर्णय बरोबर होता, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच गोष्ट वेगळी करता आली असती: दुसऱ्या माथ्यावर ज्या वेळी बाटल्या मांडल्यात, त्याच वेळी फिरायला हवे होते. खिंडीपर्यंत उतरल्यामुळे त्या दोघांचे पाय तिसऱ्या माथ्याला लागल्यासारखे झाले, आणि त्या मित्राला तेवढी चाल वाढली.

पुढच्या वेळी क्रम उलटा करा. सकाळच्या गारव्यात आधी बिननावाचे माथे आणि शेवटी किल्ला. किल्ल्याच्या दरवाजात आणि बारादरीत सावली आहे, आणि तेथून घाटाचा रस्ताही जवळ आहे. गवत वाळल्यावर वर विस्तव किंवा विडीकाडी मात्र अजिबात नको. एका ठिणगीत अख्खी धार जळते. वेळ उरलाच, तर जंजाळ्याजवळचे घटोत्कच लेणे पाहून या. तेथल्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे, आणि अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणेही त्यानेच करवून घेतलेले आहे.

सिल्लोडचा_पायी

सर्वांचे आभार. सोयगावकरने जे लिहिले, ते मलाही येथेच पहिल्यांदा कळले. रात्री त्याला फोन केला, आम्ही बराच वेळ बोललो. ते दोघेही काल दुकानावर येऊन गेले. त्यातल्या एकाचे म्हणणे असे की, मी खिंडीत खरे कारण स्पष्ट सांगायला हवे होते, आणि ते मला पटले. मित्राचा संकोच राखायच्या नादात मी बाकीच्यांना अर्धेच सांगितले.

संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा निघतो आहोत. शनिवारी रात्री उंडणगावात ओळखीच्यांकडे मुक्काम, पहाटे सहाला चढाई, आधी तिसरा माथा, मग दुसरा, शेवटी किल्ला. माणशी चार लिटर पाणी, आणि दुपारी बारा वाजता जेथे असू तेथून परत. हळद्यातला एक गुराखी सोबत यायला तयार झाला आहे. त्या माथ्यांना गावात काय म्हणतात, हे त्यालाच विचारून येथे लिहीन.

खडकीकर

गाडीत एक जागा असेल तर मी येतो. स्टेपनीत हवा मात्र शनिवारीच भरून घ्या.